कढीपत्त्याखालचा कॉन्स्टंटाईन

बोरिवलीला शिंपोलीत, हिरण्यकेशी सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर तुळशीदास परब राहतात, आणि रोमन साम्राज्य बुडालं यावर त्यांचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. विमा कंपनीतून निवृत्त झालेली त्यांच्या वयाची माणसं गुडघे, नातवंडं नाहीतर शेअर बाजार यांपैकी एकात शिरतात. परबांनी रोमची जुनी नाणी धरली. सोन्याची नव्हेत, चांदीचीही फारशी नव्हेत; नखाएवढी, तांब्याची, काळवंडलेली. पण प्रत्येकावर एकेक सम्राट नाक वर करून बसलेला, आणि त्या प्रत्येकाची कुंडली परबांना तोंडपाठ. कोण कोणाचा दत्तक, कोणाचा गळा त्याच्याच अंगरक्षकांनी कापला, कोणी गादीवर बसल्याबसल्या सख्ख्या भावाचं नाव दगडांवरून खरवडून काढलं, हे सगळं ते भेटेल त्याला सांगत. त्यामुळे भेटणारी माणसं हल्ली जरा लांबूनच हात करत.

गेल्या थंडीत त्यांनी चेंबूरच्या एका नाणीवाल्याकडून एक नवाच प्रकार आणला. न धुतलेली नाणी. युरोपातल्या शेतांतून निघालेली, मातीचं कवच चढलेली. आत सम्राट आहे की नुसताच खडा, हे कवच उतरल्याशिवाय कळायचं नाही. परबांच्या मते पुरुषाला या वयात शोभेल असा हा एकमेव जुगार होता. पत्नी वनमालाबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि हे तांदळातून निघालेत का, असं विचारलं.

ही नाणी घासायची नसतात. ती ऑलिव्ह तेलात भिजत घालायची, माती सैल झाली की पाण्यात टाकायची, पाणी गढूळ झालं की बदलायचं, आणि असं महिनोन्महिने करत राहायचं. मुलगी रुचिरा हिने आईबाबांचं कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून ऑलिव्ह तेलाची मोठी बाटली आणून दिली होती. बाटली संपली तेव्हा कोलेस्टेरॉल होतं तिथेच होतं, नाणी मात्र तुकतुकीत झाली होती. गॅलरीत एका मोठ्या वाडग्यात ती मुरत पडलेली असत, आणि परबांच्या बोटांना, सदऱ्यांना, चष्म्याच्या काड्यांनासुद्धा त्या तेलाचा वास लागलेला असे.

सोसायटीतल्या जाणकारांनी आपापले उपाय सुचवून पाहिले. कोणी चिंच म्हणालं, कोणी भांड्यांची पावडर. तळमजल्यावरच्या कुंदाताई, ज्या मूळच्या वर्सोव्याच्या आणि घरच्या घरी मसाला नि सुके बोंबील विकणाऱ्या, त्यांनी तर मीठ-लिंबू लावू द्या, पाच मिनिटांत लख्ख करून देते, अशी तयारी दाखवली. पितळी समईच्या रांगेत सम्राट डायोक्लेशियनला बसवण्याची ही कल्पना परबांना जिव्हारी लागली. इतक्या शतकांनी धातूवर चढलेला तो काळसर रंग हीच नाण्याची अब्रू असते, असं त्यांनी कुंदाताईंना समजावलं. कुंदाताई म्हणाल्या, ठीक आहे, मळालेलंच आवडत असेल तर राहू द्या.

आता हिरण्यकेशीबद्दल. इमारत जुनी होती. खांबांतून सळ्या दिसत होत्या, आणि वरच्या मजल्यावर कोणी आंघोळ केली की खालच्या मजल्याला कळत असे. रिडेव्हलपमेंटची बोलणी इतकी वर्षं चालली होती की ती सुरू झाली तेव्हा शाळेत असलेली मुलं आता सभेत मतं मांडत होती. अखेर बिल्डर ठरला. सह्या झाल्या. एकाच्या जागी दोन टॉवर उभे राहणार होते. लोकांनी भाड्याची घरं बघायला घेतली, आणि आवारातली आपापली झाडं कुंड्यांमध्ये हलवायला सुरुवात केली.

कुंदाताईंनी आवारातल्या कढीपत्त्याचं एक रोप खुरप्याने खणून काढलं, तर मुळाशी मातीचा एक गोल खडा आला. खडा जड लागला म्हणून त्यांनी तो पायरीवर आपटला. एका बाजूची खपली उडाली आणि आतून एक माणूस त्यांच्याकडे तिरका बघू लागला.

त्या थेट तिसऱ्या मजल्यावर आल्या. दारातूनच म्हणाल्या, "भावोजी, हे बघा, तुमच्यातलंच कोणीतरी दिसतंय."

परबांनी भिंग लावलं. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेलं डोकं, मोठे डोळे, सरळ नाक. कापसाने हलकेच पुसल्यावर दुसऱ्या बाजूला विटांचं एक प्रवेशद्वार, त्यावर दोन बुरूज, आणि बुरुजांच्या मधोमध एक तारा. परबांना भिंग हातातून खाली ठेवावं लागलं. सम्राट कॉन्स्टंटाईन. चौथ्या शतकाची सुरुवात. शिंपोलीत, कुंदाताईंच्या कढीपत्त्याखाली.

त्यांनी आधी इस्त्रीचा सदरा घातला. अशी बातमी बनियनवर सांगण्यासारखी नव्हती.

संध्याकाळी गच्चीवर सगळी सोसायटी जमली. एरवी पाणीकपातीच्या सभेलाही एवढी माणसं येत नसत. परब बोलायला उभे राहिले आणि त्यांच्या आयुष्यात प्रथमच कोणी मध्ये उठून गेलं नाही. त्यांनी सोपारा बंदर सांगितलं, जे इथून हाकेच्या अंतरावर. कान्हेरीची लेणी सांगितली, जी आपल्या पाठीशी, आणि जिथे व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख आजही वाचता येतात. रोमची गलबतं ऑलिव्ह तेलाचे नि दारूचे उंच रांजण घेऊन यायची आणि मिरी घेऊन परतायची, हे सांगितलं. या काळातली तांब्याची नाणी दक्षिणेकडे आणि श्रीलंकेत सापडली आहेत, पण बोरिवलीत सापडणं म्हणजे, असं म्हणून ते थांबले. पुढचा शब्द त्यांना खरोखरच सुचेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बिल्डरचा माणूस प्रितम योगायोगाने आला होता. नाण्याच्या मागची बाजू बघून तो हरखला. म्हणाला, दोन टॉवर, मध्ये स्टार, हा तर आपलाच प्लॅन आहे. त्याने लगेच फोटो काढून ऑफिसला पाठवला. ती छावणीची वेस आहे, फ्लॅट नव्हेत, हे परबांनी त्याला सांगितलं, पण त्याने ते फक्त सौजन्यापुरतं ऐकलं.

सोसायटीचे सेक्रेटरी दत्ताराम गावडे मालवणकडचे. कामाच्या मुहूर्ताला गाऱ्हाणं घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ते खाली खड्ड्यापाशी गेले, नारळ ठेवला, नाणं नारळाला टेकवलं आणि हात जोडून सुरू झाले. "बा रोमच्या म्हाराजा, आज ह्या लेकरांनी तुका नारळ ठेवलो हा, तो मान करून घे. आमच्या कामात कोण आडवो येत आसात तर तेका बाजूक कर, आणि सगळ्यांका पार्किंग गावांदे रे म्हाराजा." सगळ्यांनी एका सुरात व्हय म्हाराजा म्हटलं. ज्या माणसाने निम्मं जग तलवारीने जिंकलं, त्याच्याकडे पार्किंग मागितलेलं परबांना आवडलं नाही. पण व्हय म्हाराजा त्यांनीही म्हटलं, कारण त्यांना अजून पार्किंग मिळालेलं नव्हतं.

इथवर सगळं छान चाललं होतं. माणसाने इथे थांबायला हवं होतं, असं वनमालाबाई पुढे अनेकदा म्हणाल्या. पण परबांना कायदा माहीत होता. जमिनीत सापडलेली जुनी वस्तू सरकारला कळवावी लागते, असा इंग्रजांच्या काळातला कायदा आहे, आणि तो मोडून इतिहासकार म्हणवून घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दत्तारामांनी दोनदा विचारलं की कळवायलाच हवं का. परब म्हणाले की साम्राज्यं उगाच टिकत नाहीत.

सरकारी कचेरीत त्यांना तीन टेबलं फिरवण्यात आलं. पहिल्या टेबलाला वाटलं की बँकेत नाणी घेत नाहीत अशी तक्रार आहे. दुसऱ्याने हरवलेल्या वस्तूंचा विभाग पोलिसांकडे असतो असं सांगितलं. तिसऱ्या टेबलावरच्या गृहस्थांनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं आणि वस्तूचा मूळ मालक कोण, असं विचारलं. परब म्हणाले, कॉन्स्टंटाईन. गृहस्थांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी मालकाचा सध्याचा पत्ता विचारला. मालक वारून सतराशे वर्षं होत आली, असं परबांनी सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि वारसांची ना-हरकत लागेल म्हणाले. परबांनी तिथे उभ्याउभ्याच कॉन्स्टंटाईनच्या तिन्ही मुलांची आणि त्यांनी एकमेकांशी केलेल्या लढायांची हकिकत सांगितली. गृहस्थांनी ती वारसांतला वाद म्हणून नोंदवली आणि प्रकरण वर पाठवलं.

प्रकरण वर गेलं ते भलतंच चपळाईने. पुरातत्त्वाचे अधिकारी जागा पाहायला येणार, तोवर आवारात खोदकाम करू नये, असा निरोप सोसायटीला आला.

त्या दिवसापासून हिरण्यकेशीचा नूर पालटला. प्रितम येईनासा झाला. त्याच्या साहेबांनी फोनवर दत्तारामांना सांगितलं की जमिनीतून इतिहास निघणार असेल तर कंपनीला दहिसरला दुसरा प्लॉट आहे. ज्यांनी भाड्याच्या घरांची अनामत भरली होती ते परबांकडे बघून जिन्यात खाकरू लागले. सल्ले पुन्हा सुरू झाले, पण आता त्यांना धार होती. नाणं गोराईच्या खाडीत सोडा. देवळाच्या दानपेटीत टाका. नकली आहे म्हणून सांगा, चिनी माल म्हणा. कुंदाताई म्हणाल्या की मीच मूर्ख, गुपचूप मंगळसूत्रात ओवून टाकलं असतं तर कोणाच्या बापाला कळलं नसतं.

परब ढळले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना आतून फार बरं वाटत होतं. शोधनिबंधात छापला जाईल तो आपल्या नावाचा परिच्छेद त्यांनी मनातल्या मनात लिहूनही टाकला होता. एकदा जेवताना ते वनमालाबाईंना म्हणाले की कदाचित इथे टॉवर होणारच नाहीत, म्युझियम होईल.

"आणि आपण राहायचं कुठे?" वनमालाबाईंनी आमटी वाढत विचारलं. "काचेच्या कपाटात?"

वरच्या मजल्यावर कोणीतरी आंघोळ करत होतं आणि छतातून एक थेंब परबांच्या ताटाच्या कडेला पडला. तो त्यांनी बोटाने पुसून घेतला, पण तेवढ्याने त्यांचं जेवण जरा बेचव झालं, हे कबूल करायला हवं.

अधिकारी म्हणून आल्या त्या सई मॅडम. वय फार तर रुचिराएवढं, पायात बूट, गळ्यात भिंग. सगळी सोसायटी आवारात उभी होती, पण कोणी चहाचं विचारलं नाही, कारण चहा दिला तर त्या जास्त वेळ खणतील अशी भीती होती. सई मॅडमनी खड्डा पाहिला, माती चिमटीत घेऊन चुरडली, आणि मग नाणं मागितलं. परबांनी ते मखमलीच्या डबीतून काढून दिलं. त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या, मान डोलावली, नाणं नाकाशी नेलं आणि पुन्हा एकदा नेलं.

"याला ऑलिव्ह ऑइलचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

दत्तारामांनी निराशेने कपाळाला हात लावला. "म्हणजे खरोखरच रोमन," ते म्हणाले. "परबांनी सांगितलंच होतं. रांजण भरभरून आणायचे."

लोक हळहळले. कोणीतरी मागून म्हणालं, वाट लागली, आता रांजणपण निघणार. परबांनी मात्र स्वतःची बोटं नाकाशी नेली. त्या वासाला त्यांचं नाक इतकं सरावलं होतं की इतके दिवस त्यांना तो आलाच नव्हता. त्यांनी वर तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. गॅलरी. गॅलरीत वाडगा. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या वनमालाबाईंना अगदी हळू विचारलं की वाडग्यातलं गढूळ पाणी ती कुठे टाकते.

"कढीपत्त्याला," त्याही तितक्याच हळू म्हणाल्या. "बेसिन तुंबतं तेलाने. खाली नेऊन घालते. चांगला वाढलाय ना पण?"

मातीचे खडे कोणी मोजून ठेवत नाही. परबांनीही ठेवले नव्हते. त्यातला एखादा पाण्याबरोबर गेला असेल, एखाद्या सकाळी, भाजी घ्यायला जाताजाता.

आता यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हे त्या आवारात फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यांतल्या एकीला त्याचं काहीच वाटत नव्हतं. परब गप्प राहिले असते तर चालण्यासारखं होतं. सई मॅडम खात्यात काहीतरी कळवत्या, नाणं काचेखाली जातं, खाली पाटी लागती, पाटीवर परब हे आडनाव येतं. ते सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि त्याच्यामागून शेजारच्या खांबातली गंजलेली सळी दिसली, जिच्यावर कोणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता.

परबांनी घसा साफ केला. बोलायचंच तर पडक्या आवाजात बोलायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं.

"मॅडम, हे नाणं अस्सल आहे, कॉन्स्टंटाईनचंच आहे, आणि माझं आहे," ते म्हणाले. "इथे सतराशे वर्षं नव्हतं. फार तर गणपतीपासून असेल."

मग त्यांनी चेंबूर सांगितलं, तेल सांगितलं, वाडगा आणि कढीपत्ता सांगितला. बायकोचं नाव घेतलं नाही. पाणी टाकलं गेलं, असं म्हणाले. स्वतः वर जाऊन वाडगा घेऊन आले. सई मॅडमनी त्यातला एक खडा फोडला. आतली माती फिकट, रेताड, खड्ड्यातल्या लालसर चिकणमातीशी काडीचं नातं नसलेली, आणि नाण्याच्या कडेला चिकटलेल्या मातीची मात्र सख्खी बहीण. वासही तोच. त्यांनी हसू आवरलं, हे परबांना दिसलं. इथे सापडलेलं नाही, तेव्हा खात्याचा यात काही संबंध नाही, खोदकामाला हरकत नाही, असं त्यांनी दत्तारामांना सांगितलं. जाताना नाणं परबांच्या हातात ठेवून म्हणाल्या, "काका, ओळखलंत मात्र बरोबर."

परबांनी त्या एका वाक्यावर उरलेला दिवस काढायचं ठरवलं, कारण आता सोसायटी आपल्याला सोलून काढणार याची त्यांना खात्री होती. ते खाली मान घालून उभे राहिले. पण दत्ताराम जवळ आले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी परबांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"परबांनु," ते म्हणाले, "सोसायटीसाठी एवढं कोण करतं हो."

परबांना आधी कळेना. मग हळूहळू उलगडा झाला. त्यांच्या बोलण्यावर एकाही माणसाचा विश्वास बसला नव्हता. तेलाचा वास रोमनच होता, नाणं रांजणातलंच होतं, आणि परबांनी केवळ शेजाऱ्यांची घरं व्हावीत म्हणून आयुष्यातला एवढा मोठा शोध स्वतःच्या हाताने पुसून टाकला होता. वाडग्यातले खडे त्यांनी वर जाऊन घाईघाईने तेलात बुडवून आणले, हेही कोणी कोणी प्रत्यक्ष पाहिलेलं निघालं.

परब दारोदार गेले. हे खरंच माझं नाणं होतं, असं त्यांनी प्रत्येकाला समजावलं. लोक त्यांना बसवून घेत, चहा देत, आणि काका, आम्हाला कळतं हो, असं म्हणत. कुंदाताईंनी तर त्यांच्यासाठी सुक्या सोड्यांची पुडी बांधून दिली आणि सांगितलं की आपण मंगळसूत्राचं बोललो ते मनावर घेऊ नका. नाकारावं तितका त्यांचा मोठेपणा वाढत गेला. ग्रुपवर त्यांच्या फोटोखाली हात जोडलेल्यांची रांग लागली. प्रितम पुन्हा येऊ लागला, आणि नव्या इमारतीच्या माहितीपत्रकात ऐतिहासिक परिसर असे शब्द घालायचे की नाही, यावर त्याच्या ऑफिसात विचार सुरू झाला.

पुढच्या सभेत दत्तारामांनी परबांच्या सत्काराचा ठराव मांडला. परब ताडकन उठले. हा ठराव खोट्या माहितीवर उभा आहे, मी त्यागबिग काही केलेला नाही, जे झालं ते सांगितलं, तेव्हा माझा विरोध नोंदवा, असं त्यांनी खणखणीत सांगितलं. स्वतःच्या सत्काराला विरोध करणारा सभासद हिरण्यकेशीत आजवर झाला नव्हता. लोकांना गहिवरून आलं. बाजूने कोण, असं दत्तारामांनी विचारलं तेव्हा गच्चीवर हातच हात झाले. परबांनी त्या हातांवरून नजर फिरवली. त्यांत एका हातात हिरव्या बांगड्यांच्या मध्ये सोन्याची पाटली होती, आणि ती पाटली त्यांनी स्वतः करून दिलेली होती.

शाल-नारळ देऊन सत्कार तिथल्या तिथे उरकण्यात आला. घरी आल्यावर वनमालाबाई तो नारळ फोडायला बसल्या. परब शाल पांघरूनच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"बाकीच्यांचं सोड," ते म्हणाले. "पाणी तू टाकलंस. तुला ठाऊक होतं मी काही त्यागबिग केला नाही. मग तू हात का वर केलास?"

वनमालाबाईंनी नारळाचं पाणी पेल्यात धरलं, पेला त्यांच्या हातात दिला.

"ते लोक शाल कशासाठी देतायत ते त्यांचं त्यांना माहीत," त्या म्हणाल्या. "एवढ्या माणसांसमोर, म्युझियम बिझियम सगळं सोडून, माझं नाणं आहे म्हणून सांगितलंत ना? मला वाटलं, त्याला एक शाल व्हायला हरकत नाही."

परब पाणी प्यायले. रोमच्या कितीतरी सम्राटांनी न जिंकलेल्या लढायांच्या विजयाची नाणी पाडली होती. एकाने तर म्हणे सैन्याकडून समुद्रकिनाऱ्यावरचे शंखशिंपले गोळा करवून तीच लूट म्हणून मिरवली. त्या मानाने आपलं प्रकरण बरंच स्वच्छ होतं, असं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पेला खाली ठेवला, शाल खांद्यावर नीट घेतली, विळी पुढे ओढली आणि खोबरं खवायला बसले.